नव्या काचेच्या दाराला पाणी का सुटते?

गेल्या काही वर्षांत गावोगाव एक नवी वस्तू आली आहे. पूर्वी पडवीच्या किंवा परसाच्या बाजूला लाकडी दार असे. त्याला दोन फळ्या असत, मागे अडसर असे. आता त्या जागी काचेचे सरकते दार बसू लागले आहे. अॅल्युमिनियमची चौकट, तिच्यात दोन-तीन मोठ्या काचा आणि खाली रूळ. हे दार लोटायचे नाही, बाजूला सारायचे. घरात उजेड भरपूर येतो. बसल्या जागी डोंगर दिसतो. दार चांगले आहे, आमची त्याच्याविषयी तक्रार नाही. पण दार बसवले की पहिल्याच वर्षी पुष्कळ घरांतून ओरड ऐकू येते, "दाराला पाणी सुटलं. भिंत ओली झाली. कारागिरानं फसवलं."

ही ओरड आमच्याही घरात झाली. आणि खरे सांगायचे तर ती आम्हीच केली.

आमचे घर महाबळेश्वरच्या पठारावर आहे. हे पठार समुद्रसपाटीहून सुमारे १,३७० मीटर उंच आहे. येथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पाच हजार मिलिमीटर म्हणजे पाच मीटर. पडलेले पाणी जागच्या जागी उभे राहिले, तर एकमजली घर बुडेल! शिवाय हा पाऊस सरळ पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो. म्हणून जुनी माणसे पावसाळ्याआधी वाऱ्याकडच्या भिंतींना वाळल्या गवताचे झाप बांधीत. आता बहुतेक जण प्लॅस्टिकचा कागद बांधतात. थंडीही तशीच. वेण्णा तलावाच्या काठी काही पहाटे दव गोठून पांढरे होते, आणि त्याचे फोटो वर्तमानपत्रांत येतात.

दोन वर्षांपूर्वी सूनबाईंनी मनावर घेतले. मागच्या दोन खोल्या नीट करून पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या. चिरंजीव पुण्याला नोकरीस आहेत, शनिवारी येतात. कर्ज सूनबाईंनीच बचत गटातून काढले. दरीच्या बाजूची भिंत फोडून आठ फूट रुंदीचे काचेचे दार बसवले. वाईकडचा एक तरुण कारागीर होता. काम संपले तेव्हा मे महिना होता. सहा हजार रुपये राखून ठेवले. "पाऊस बघून देऊ," असे ठरले. कारागीर हो म्हणाला.

जूनमध्ये पाऊस लागला. तिसऱ्या दिवशी दाराचा रूळ पाण्याने भरला. मग ते पाणी आतल्या काठावरून फरशीवर आले. नव्या गाद्या भिजल्या. आम्ही कारागिराला फोन केला आणि नको ते बोललो. मुख्याध्यापकीची सवय, दुसरे काय! "तुझे सहा हजार विसर," असेही म्हणालो. आठ दिवसांनी तो भर पावसात दुचाकीवरून आला. त्याने दाराच्या बाहेर बसून रुळावरून बोट फिरवले आणि विचारले,

"गुरुजी, ही भोकं कुणी बुजवली?"

भोके आम्ही बुजवली होती. त्याचे असे झाले. मे महिन्यात रुळाच्या बाहेरच्या काठाला, अगदी तळाशी, सहा लहान भोके आम्हाला दिसली. त्यांतून मुंग्या येत, वारा आला की शीळ वाजे. आम्हाला वाटले, कारागिराच्या हातून ती राहून गेली असावीत. बाजारातून पांढऱ्या सिलिकॉनची नळी आणली आणि सहाही भोके नीट भरली. काम साफ झाले म्हणून सूनबाईंना दाखवलेही.

आता ही भोके कशासाठी असतात ते ऐका. सरकत्या दाराच्या दोन काचांमध्ये आणि खाली थोडी फट राहतेच. फट नसेल तर दार सरकणार नाही. आडव्या पावसाचे थोडे पाणी त्या फटीतून रुळात येणारच. कारागिरांना हे ठाऊक असते. म्हणून रुळाचा आतला काठ उंच ठेवतात आणि बाहेरच्या काठाला तळाशी भोके पाडतात. पाणी रुळात उतरते आणि भोकांतून बाहेर जाते. कारागीर या भोकांना 'वीप होल' म्हणतात. आपण पाणभोके म्हणू. पाणभोके बुजली की रुळाची पन्हळ राहत नाही, हौद होतो. हौद भरला की वाहणारच, आणि तो घरातच वाहतो.

वाऱ्याचाही एक हिशेब आहे. ताशी सत्तर किलोमीटरचा वारा दारावर आदळला तर तो पाण्याला सुमारे एक इंच वर ढकलू शकतो. म्हणून वादळी ठिकाणी रुळाचा आतला काठ इंचाहून चांगलाच उंच हवा. दार घेताना हे पट्टी लावून मोजा. काच किती जाड आहे हे सगळे विचारतात, काठ किती उंच आहे हे कोणी विचारत नाही.

कारागिराने पाते आणि तार घेऊन सहाही भोके मोकळी केली. रुळातले पाणी आमच्या डोळ्यांदेखत बाहेर गेले. आम्ही त्याचे सहा हजार त्याच दिवशी दिले आणि फोनवरच्या बोलण्याबद्दल माफीही मागितली. तो हसला. खिशातून जाड पेन काढून त्याने चौकटीवर लिहिले, "ही भोकं बूजवू नये." 'बु' ऱ्हस्व हवा. पण ते अक्षर दुरुस्त करायचे धाडस आम्हाला झाले नाही. ते अजून तसेच आहे. दरवर्षी मृगाच्या आधी सूनबाई तारेने ती भोके साफ करतात. चिखल, मेलेले किडे, रंगाचे पोपडे असे बरेच काही त्यांतून निघते.

फरशीवर येणारे पाणी थांबले. पण डाव्या कोपऱ्यातली भिंत ओलीच राहिली. आता आम्ही शहाणे झालो होतो. कोणाला फोन करण्याआधी पाणी कोठून येते ते शोधायचे ठरवले. रीत सोपी आहे, तुम्हीही करून पाहा. पाऊस उघडलेला दिवस पाहावा. माणसे दोन लागतात. एक बाहेर लोटा घेऊन, एक आत. आतल्या माणसाने चौकटीच्या कडेने खडूची कोरडी पूड टाकावी. ओल लागली की पूड काळपट होऊन तिचे गोळे होतात, त्यामुळे पाणी कोठे फुटते ते नेमके कळते. खडू आमच्या घरात कधी संपत नाहीत. बाहेरच्या माणसाने पाणी अगदी खालून ओतायला सुरुवात करावी. आधी फरशीवर, मग उंबऱ्यापाशी, मग चौकटीच्या बाजूला, शेवटी वर. दर ठिकाणी दहा मिनिटे थांबावे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्यावरून ओघळते आणि काहीच उमजत नाही.

आमच्या घरी बाहेरच्या फरशीवर दुसराच लोटा ओतला आणि आतली पूड भिजली! म्हणजे दोष दाराचा नव्हताच. बाहेरच्या सज्जाला आम्ही नव्या फरश्या घातल्या होत्या. जुनी फरशी फोडायचा खर्च वाचावा म्हणून नवी तिच्यावरच बसवली. त्यामुळे बाहेरची पातळी वर आली, आणि गवंड्याने उतारही दाराकडे दिला. नियम असा आहे की बाहेरची जमीन आतल्याहून खाली हवी आणि उतार घरापासून दूर जाणारा हवा. चार फुटांना अर्धा इंच उतार पुरतो. आम्ही दाराजवळच्या दोन ओळी उचलून फिरून बसवल्या. खर्च वाचवायला गेलो आणि दोनदा केला.

चौकट आणि भिंत यांच्यामधली फट सिलिकॉनने भरतात. ती बाहेरून भरावी, आणि भिंत पूर्ण कोरडी असताना भरावी. ओल्या गिलाव्याला सिलिकॉन धरत नाही. वरून चिकटल्यासारखे दिसते, पण नखाने सुटते. म्हणून ते काम पावसात उरकू नये, दिवाळीपर्यंत थांबावे. दारावरच्या छज्जाच्या खालच्या कडेला एक लांब खाच ठेवतात. पाणी त्या खाचेपाशी थेंब होऊन खाली पडते, भिंतीपर्यंत पोचत नाही. रंगाऱ्याने ती खाच लांबी भरून बुजवली नाही ना, तेही पाहून घ्यावे.

असो. पावसाळा संपला, पाहुणे येऊ लागले. पाहुणे नसत तेव्हा सूनबाई आणि नातू त्याच खोलीत निजत. डिसेंबरमध्ये एका सकाळी सूनबाईंची हाक आली, "बाबा, पुन्हा गळायला लागलं. बोलवा त्याला."

जाऊन पाहतो तो काचेवर आतून पाणी. थेंब ओघळून चौकटीत साचले होते. पडद्याच्या खालच्या काठाला काळे ठिपके पडले होते. ती बुरशी. नातवाला बाळदमा आहे. त्या आठवड्यात दोन रात्री त्याला धाप लागली होती. डॉक्टर म्हणाले, "खोलीत बुरशी असेल तर आधी ती काढा." म्हणजे आता प्रश्न नुसत्या गादीचा राहिला नव्हता.

आमचा हात फोनकडे गेला. मग ध्यानात आले, महिनाभर पावसाचा थेंब नाही. मग हे पाणी आले कोठून?

एक प्रयोग करा. पितळेचा लोटा घ्या. त्यात बर्फाचे पाणी भरा. लोटा स्वयंपाकघरात ठेवा. थोड्या वेळाने लोट्याला बाहेरून घाम येईल. लोटा गळत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. ते पाणी हवेतले आहे. हवेत नेहमी पाणी असते, पण ते डोळ्यांना दिसत नाही. त्याला बाष्प म्हणतात. शब्द जोडाक्षराचा आहे, एकदा मोठ्याने वाचा : बाष्प. गरम हवेत बाष्प जास्त मावते, थंड हवेत कमी. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच अशी पेटी समजा. तिच्यातली हवा २२ अंश सेल्सिअस असेल तर तीत जास्तीत जास्त १९ ग्रॅमच्या आसपास बाष्प मावते. तीच हवा १० अंशांवर आली की ९ ग्रॅमच्या आसपासच मावते. जास्तीचे बाष्प पाणी होऊन थंड वस्तूवर बसते. ज्या उष्णतेला ते बसू लागते तिला दवबिंदू म्हणतात. गवतावर दव पडते ते असेच, आणि आमच्या काचेवरही दवच पडले होते.

बाहेर १० अंश आणि खोलीत २२ अंश असले, तर एकेरी काचेची आतली बाजू तेरा-चौदा अंशांवर येते. लाकडाची फळी एवढी थंड होत नाही. आता येथे एक गंमत आहे. सूनबाई म्हणाल्या, "जुन्या दाराला तर कधी पाणी आलं नाही!" बरोबर. जुन्या दाराच्या फटींतून रात्रभर वारा खेळे. खोलीतले बाष्प त्याच वाटेने निघून जाई. आम्ही त्या फटींना शिव्या देत होतो. नवे दार घट्ट बसले, बाष्प आत कोंडले आणि समोर थंडगार काच मिळाली. दारात दोष नसताना दार बदलल्याने पाणी दिसू लागते ते यामुळे.

खोलीत एवढे बाष्प येते तरी कोठून? निजलेल्या माणसाच्या श्वासातून आणि अंगातून रात्रीत पाव लिटरच्या वर पाणी हवेत जाते. आंघोळीची वाफ आहे, ओले कपडे आहेत. पण आमचा विश्वास बसला नाही तो गॅसच्या हिशेबावर. स्वयंपाकाचा गॅस एक किलो जळला की सुमारे दीड किलो पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. हे पाणी पातेल्यातले नव्हे, ज्योतीतलेच! म्हणजे १४.२ किलोचे एक सिलिंडर संपेपर्यंत घरात वीस लिटरहून जास्त पाणी ओतले जाते. त्यात नवा गिलावा. तो वरून कोरडा दिसला तरी आतले पाणी महिनोन्महिने सोडत राहतो. आमच्या घरी तर स्वयंपाकघर शेजारीच, मधले दार सदा उघडे, आणि ओले कपडे त्याच खोलीत दोरीवर.

आम्ही काय केले ते सांगतो. कपड्यांची दोरी हलवली. स्वयंपाकघरात हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला, आणि रांधताना मधले दार लावू लागलो. जाड पडदा काचेपासून वीतभर दूर घेतला. पडदा काचेला चिकटला की खोलीची ऊब काचेपर्यंत पोचत नाही, काच आणखी थंड होते आणि पडद्यामागे बुरशी माजते. कपाट भिंतीपासून चार बोटे सरकवले. सकाळी काच पुसून फडके बाहेर पिळायचे आणि बाहेरच वाळत घालायचे. खोलीत वाळत घातले तर पुसलेले पाणी पुन्हा हवेतच जाईल. आणि रोज सकाळी ऊन आल्यावर दहा-पंधरा मिनिटे दार आणि समोरची खिडकी सताड उघडायची.

यावर सूनबाईंचा आक्षेप होता, "बाहेर एवढं दव, दार उघडलं तर आणखी ओल येईल की!" प्रश्न चांगला आहे. वर दिलेला हिशेब पाहा. बाहेरची १० अंशांची हवा दवाने भरलेली असली तरी तिच्यात ९ ग्रॅमच बाष्प आहे. ती घरात येऊन २२ अंशांवर गेली की तिला आणखी १० ग्रॅमची भूक लागते. ती खोली कोरडी करते. म्हणून थंडीत दार उघडावे. पावसाळ्यात मात्र हा उपाय चालत नाही. तेव्हा बाहेरची हवा २० अंशांची आणि धुक्याने भरलेली असते, तिच्यात १७ ग्रॅम बाष्प असते. अशी हवा घरात घेऊन काय वाळणार? पावसाळ्यात धुके असताना दार लावलेलेच बरे. वाफ मात्र जिथे होते तिथूनच पंख्याने बाहेर काढावी.

बुरशी कोरड्या कुंच्याने झाडू नये. तिची पूड हवेत उडते आणि नाकात जाते. साबणाच्या पाण्यात फडके भिजवून पुसावी, तोंडाला रुमाल बांधावा, आणि दम्याच्या मुलाला त्या वेळी खोलीत ठेवू नये. आम्ही पडदे उकळत्या पाण्यात धुतले. ज्याचे डाग गेले नाहीत तो पडदा टाकून दिला.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. थंडीत ऊब यावी म्हणून पुष्कळ लोक खोलीत कोळशाची शेगडी ठेवतात. जुन्या फटींच्या घरात ते कसेबसे निभावत असे. घट्ट दाराच्या खोलीत शेगडी ठेवून कधीही निजू नका. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो. माणूस झोपेतच जातो.

काही जण दुहेरी काचेचे दार घेतात. तेरा-चौदा अंशांऐवजी दुहेरी काचेची आतली बाजू सतरा-अठरा अंशांवर राहते, त्यामुळे पाणी पुष्कळ कमी येते. पण खर्च मोठा आहे. दोन काचांच्या मध्येच धुके दिसू लागले तर मात्र काठाचा जोड सुटला असे समजावे. ते आतून-बाहेरून कितीही पुसले तरी जात नाही, ती काचेची जोडी बदलावीच लागते. अशा वेळी कारागिराला जरूर बोलवावे, तो दोष खरोखर मालाचा आहे.

कोकणातल्या किंवा मुंबईच्या वाचकांना आमच्यासारखी थंडी नाही. त्यांच्याकडे पावसाळ्यात वातानुकूलन यंत्र चालू असताना काच बाहेरून ओली होते. तेही दवच, फक्त बाजू बदलली. ते बाहेरच्या बाहेर ओघळते, त्याची चिंता नको. यंत्र दोन-तीन अंश वर ठेवले की बहुधा थांबते.

जानेवारीपर्यंत आमची काच बरीच कोरडी झाली. कडाक्याच्या पहाटे तळाशी चार बोटे ओल दिसते, तेवढी पुसून घेतो. नातू आता त्या खोलीत निजतो. डाव्या कोपऱ्याला रंग द्यायची सूनबाईंना घाई झाली होती, पाहुण्यांना डाग दिसतो म्हणून. आम्ही म्हटले, आधी भिंतीला विचारू. वीतभर प्लॅस्टिकचा कागद त्या जागी चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावला. दोन दिवसांनी पाहिले. थेंब कागदावर खोलीच्या बाजूने असते, तर ती हवेतली ओल. आमच्या कागदाला ते भिंतीच्या बाजूने होते, म्हणजे भिंतीच्या पोटात पावसाळ्यातले पाणी अजून होते. वरून रंग दिला असता तर पावसाआधीच पोपडे निघाले असते. फेब्रुवारीत पुन्हा कागद लावला, तेव्हाही थोडे थेंब होते. एप्रिलमध्ये कागद दोन्ही बाजूंनी कोरडा निघाला. त्याच आठवड्यात रंगारी बोलावला.